बाराव्या पाटीपासून

शनिवार, २ मार्च

मुलं येऊन आज पाच दिवस झाले. गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, डोक्यात गुंता झाला की कागदावर उतरवा, निम्मा तिथेच सुटतो. त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण मी कागदावर फक्त आकडे उतरवले. पाण्याच्या मीटरचे. आज प्रथमच वाक्यं लिहितो आहे.

धाकटी बहीण इस्पितळात आहे. तिची दोन मुलं माझ्याकडे. मुलगी सहा वर्षांची. तिला सगळे मास्तरीण म्हणतात, कारण ती प्रश्न विचारत नाही, तपासणी करते. मुलगा साडेतीनचा. तो दिवसभर तोंडाने आवाज काढत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावतो, म्हणून तो इंजिन. त्यांचे वडील दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात आहेत. त्यांच्याबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

मी एकटा माणूस. एकोणपन्नास वर्षं एका टॉवेलवर भागलं, आता दोरीवर जागा नाही.

डॉक्टरांना विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, महिना, फार तर दीड. म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत ती घरी येईल. तेवढे दिवस कसेही निघतील. सकाळी देवासमोर डोळे मिटून उभा राहतो तेव्हा तेवढंच म्हटलं, तेवढे दिवस काढून दे.

रविवार, ३ मार्च

सुट्टीच्या दिवशी मुलांचं करायचं काय, हा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी सोडवला. जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "मीटरवाले, त्यांना गोष्टीच्या वाटेवर न्या. मोठ्या बागेत केलीय वाचनालयाने. फुकट आहे आणि पोरं दमतात. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

गेलो. बागेत टेकाडावरून तळ्यापर्यंत पायवाट आहे. थोड्याथोड्या अंतरावर लाकडी खांबांवर पाट्या लावल्या आहेत. प्रत्येक पाटीवर गोष्टीचं एकेक पान, वर चित्र, खाली दोन ओळी. एक पाटी वाचायची, चालायचं, दुसरी वाचायची. एकूण बारा. बस वरच्या फाटकाशी सोडते, तिथून शिरलो. पहिलीच पाटी बारा नंबरची.

मास्तरीण म्हणाली, "मामा, बारा आधी?"

मी म्हटलं, "वर बस सोडते, तिथून सुरू करायचं." आमचं काम असंच चालतं. बस टेकडीवर सोडते, तिथल्या शेवटच्या घरापासून मीटर वाचत उतारावर खाली यायचं. नोंदवहीतही आधी एकशे चाळीस, मग एकशे एकोणचाळीस. सव्वीस वर्षं मी उलटेच आकडे मोजतो आहे, मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाच."

गोष्ट पाणमांजराच्या पिल्लाची आहे. बाराव्या पाटीवर लिहिलंय, "शेवटी नदी इतकी रुंद झाली की पलीकडचा काठ दिसेना. पिल्लू हसलं आणि पुढे निघालं." सुरुवातीलाच शेवटी, हे जरा खटकलं. पण हल्लीचे लेखक शेवटापासून सुरू करतात असं ऐकलं होतं. मग अकरा, दहा, करत खाली आलो. नदी अरुंद होत गेली. सहाव्या पाटीवर पिल्लाची आई लांब काठावर ठिपक्याएवढी दिसली. पाचव्या पाटीवर मुठीएवढी. चौथ्यावर चांगली मोठी झाली. इंजिन दर पाटीला टाळ्या वाजवत होता, "आली, आली." पहिल्या पाटीवर ओढ्याकाठच्या बिळात पिल्लू आईच्या पोटाशी झोपलेलं.

फार सुंदर गोष्ट. मी बोट ठेवून, शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचतो, तर एक बाई आपल्या मुलांना घेऊन मागे उभी राहून ऐकत होती. मग का कोण जाणे, हसून विरुद्ध दिशेला गेली.

बुधवार, ६ मार्च

मास्तरीण मला वेणी शिकवते आहे. तीन पेड, उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून. ऐकायला सोपं आहे. गंजलेल्या मीटरचं झाकण मी तीन बोटांनी उघडतो, पण हे केस बोटांतून पाण्यासारखे निसटतात.

शाळेत सोडताना शिंपीणबाई दारात. "काय हो, ही वेणी आहे की सुतळी?"

"शिकतोय," मी म्हटलं.

"शिका, शिका. घाई नाही," असं म्हणून त्या आत गेल्या. नाहीतर त्या सहजी आत जाणाऱ्यातल्या नव्हेत.

मी मास्तरणीला म्हटलं, "महिन्याभरात आई येईल, तोवर शिंपीणबाई घालतील की." ती म्हणाली, "आईने सांगितलंय, मामाला जमेपर्यंत रोज त्यालाच घालायला लाव." बहिणीची ही जुनी खोड. आजारपणातही मला कामाला लावते.

रविवार, १० मार्च

पुन्हा गोष्टीची वाट. मुलांनीच हट्ट केला. सातव्या पाटीशी वाचनालयातल्या बाई फडक्याने पाट्या पुसत होत्या. थोडा वेळ आमचं वाचन ऐकून म्हणाल्या, "काका, तुम्ही उलटे चाललात. खालच्या फाटकापासून सुरू आहे गोष्ट. एक, दोन, तीन."

मी पाटीवरचा आकडा असा पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहतो आहे. कानशिलं गरम झाली. बाईंना बरीच मजा वाटली असावी, पण त्या सभ्य होत्या.

उलट फिरून पुन्हा वाचायची तर पिल्लू आईपासून निघतं. आई काठावर उभी, मुठीएवढी, मग ठिपक्याएवढी, मग सातव्या पाटीपासून नाहीच. पुढे पिल्लू एकटंच मोठं होतं. म्हणजे ती मोठं होण्याची गोष्ट आहे. मी दोन रविवार त्या मुलांना भलतंच वाचून दाखवलं.

"चला, खालून सुरू करू," मी म्हणालो.

मास्तरीण बुटाच्या टोकाने माती उकरत होती. "नको. इंजिनला मामाचीच आवडते."

"तुला माहीत होतं का गं, उलटं आहे ते?"

"मला शंभरपर्यंत येतात," ती म्हणाली.

संध्याकाळी इस्पितळात. बहीण उशीला टेकून बसली होती. विचारलं, "दादा, त्या पिल्लाच्या गोष्टीत शेवटी काय होतं?"

"शेवटी ते आईजवळ झोपतं," मी म्हणालो.

"असं? परवा शिंपीणबाईंबरोबर आली तेव्हा मास्तरीण वेगळंच सांगत होती." आणि हसली. हसताना तिला खोकला आला, मग मी तिला बोलू दिलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

इंजिनला ताप. उतरला. त्याला आता आईकडचा निळाच पेला लागत नाही, कुठल्याही पेल्यातून दूध पितो. मास्तरणीने सवय लावली. का, ते सांगत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

हे लिहावं की नाही, कळत नाही.

ड्युटी संपवून इस्पितळात गेलो. बहीण झोपली होती. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर मला बाहेर घेऊन गेल्या. खिडकीशी दोन खुर्च्या आहेत, तिथे बसवलं. मी त्यांना विचारलं, एप्रिलमध्ये घरी नेताना गाडी इस्पितळाची मिळते की आपली करायची?

त्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "तुम्हाला डॉक्टर काय बोलले होते?"

"महिना, फार तर दीड."

"ते बरं व्हायला नाही हो," त्या म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या. "तेवढाच वेळ आहे, असं म्हणाले होते ते. आणि आता तेवढाही वाटत नाही."

समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना लावल्या होत्या. त्या मी वरपासून खालपर्यंत वाचल्या.

मी विचारलं, "तिला माहीत आहे?"

"तुम्ही बोला त्यांच्याशी," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चोवीस तारखेला, रविवारी दुपारी, मुलांना आणा. शांतपणे भेटू द्या. पण त्याआधी त्यांना काहीतरी सांगून ठेवा. तोवर अवस्था बदललेली असेल, अचानक पाहिलं तर घाबरतात. आणि त्यापुढच्या रविवारचं मी काही सांगू शकत नाही."

म्हणजे तिला माहीत नाही. आणि तिला कळता कामा नये. तेवढं तरी मी करू शकतो. मुलांना मात्र सांगावं लागेल. नऊ दिवस आहेत.

घरी आलो तर इंजिन दाराशीच पायाला बिलगला. मास्तरणीने माझा चेहरा पाहिला आणि न सांगता पाण्याचा ग्लास आणून दिला.

रविवार, १७ मार्च

ठरवून गेलो होतो. वाटेवर आठव्या पाटीशी एक बाक आहे, तिथे बसवून सांगायचं. वाक्यं सुद्धा जुळवली होती. आई फार आजारी आहे. काही आजार बरे होत नाहीत. असं दोन-तीन ओळींत, पाटीवर असतं तसं.

बसलो. इंजिन बाकाखालून आगगाडी नेत होता.

"आई," मी सुरू केलं.

"काय आई?" मास्तरीण म्हणाली.

"आईला तुमची फार आठवण येते."

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि माझा गुडघा थोपटला. मग म्हणाली, "मामा, शाळेच्या फॉर्मवर पालकांची सही असते, ती तू कशी करशील?"

"करीन की. का?"

"करून दाखव. बाईंना दर वेळी सारखी लागते." तिने दप्तरातून, म्हणजे रविवारी बागेत येतानाही आणलेल्या दप्तरातून, कागद काढला. बाकावर बसून मी पाच वेळा सही केली. तिने तिसरी पसंत केली.

नंतर आम्ही आठवरून सात, सातवरून सहा असे आईकडे गेलो. इंजिन टाळ्या वाजवत होता. मला वाचता येईना. ओळी दिसत होत्या, आवाज येत नव्हता. मग मास्तरणीनेच वाचलं, अक्षराला अक्षर लावत. उलटंच.

गुरुवार, २१ मार्च

रोज सकाळी उभा राहतो. पूर्वी काय मागायचं ते ठाऊक असायचं, नाहीतर काहीच मागायचो नाही. आता तोंड उघडतो आणि मागण्यासारखं एकही वाक्य उरलेलं नाही. तिला बरं कर म्हणावं तर सिस्टरांचा चेहरा आठवतो. लवकर सोडव म्हणावं तर जीभ रेटत नाही. नुसता उभा राहतो. देवही बहुधा नुसता उभा राहतो.

संध्याकाळी बहिणीकडे. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. ती म्हणाली, "दादा, मास्तरणीला पुढच्या वर्षी मोठे बूट लागतील. पंजा रुंद आहे तिचा, नुसती लांबी बघून घेऊ नकोस."

"तूच घेशील की," मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो. मला इतकं सहज बोलता येतं हे माहीत नव्हतं.

"हो. घेईन की." मग म्हणाली, "आणि इंजिन झोपताना दिवा लागतो म्हणेल. खोटं बोलतो. दाराची फट पुरते."

शेजारच्या खाटेवरच्या आजीबाई आमच्याकडे पाठ करून पडल्या होत्या. त्या डोळे पुसत होत्या. त्यांनाही बरंच दुखत असावं.

कालही दुपारी शिंपीणबाई मास्तरणीला घेऊन आल्या होत्या, असं बहीण म्हणाली. तासभर मायलेकी डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. काय बोलता एवढं, विचारलं, तर म्हणाली, "आमचं गुपित आहे. तुझ्या पोटात काही राहत नाही, दादा."

मनात म्हटलं, तुला काय कळणार माझ्या पोटात काय आहे.

शनिवार, २३ मार्च

सिस्टरांनी विचारलं, मुलांना सांगितलंत ना? मी हो म्हणालो.

घर बंद असलं, कुत्रा सुटा असला, काच धुरकट असली, तरी सव्वीस वर्षांत मी अंदाजाने आकडा भरला नाही. बंद असेल तर बंद लिहिलं. आज मात्र तोंडावर खोटं बोललो, तेही अशा बाईशी जी मला खुर्ची ओढून देते.

उद्या सकाळी शेवटची संधी. बागेत जाऊ, बारा पाट्या आहेत. कुठल्या तरी एका पाटीशी सांगता येईलच. दुपारी तीनला इस्पितळात पोहोचायचं आहे.

रविवार, २४ मार्च

झालं तसं लिहितो.

सकाळी वेणी मी घातली. दोन्ही बाजूंनी सारखी आली. मास्तरणीने आरशात उजवीकडून, डावीकडून पाहिलं आणि म्हणाली, "पास."

बस वरच्या फाटकाशी थांबली. आम्ही उतरलो. मास्तरीण म्हणाली, "आज खालून जाऊ." मी म्हटलं, चढ लागेल, इंजिन दमेल. ती म्हणाली, "दमला तर तू घे." रस्त्याने टेकाडाला वळसा घालून खालच्या फाटकाशी गेलो.

पहिली पाटी तिने वाचली. पिल्लू आईच्या पोटाशी. मी मनात म्हटलं, इथे नको, इथे सगळं चांगलं आहे. दुसऱ्या पाटीशी एक कुटुंब फोटो काढत होतं. तिसऱ्या पाटीशी इंजिनच्या बुटात खडा गेला. चौथ्यावर आई पिल्लाला म्हणते, आता तू पोहून बघ. इथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पाचव्यावर आई मुठीएवढी. इंजिन म्हणाला, "आई चालली?"

"आई नाही चालली. पिल्लू चाललंय," मास्तरीण म्हणाली. "आई तिथेच आहे. लांबून छोटी दिसते."

त्याने सहाव्या पाटीवरच्या ठिपक्याएवढ्या आईला हात हलवून टाटा केला. सातव्या पाटीवर ती नव्हती, तिथेही केला.

आठव्या पाटीच्या बाकाशी मी थांबलोच नाही. नऊ, दहा, अकरा. चढावर इंजिनला कडेवर घेतलं होतं. त्याचा श्वास मानेला लागत होता. मला वाटलं, आता त्याचं तोंड दिसत नाही तर सांगता येईल. तेही जमलं नाही. बाराव्या पाटीवर रुंद पाणी. मास्तरणीने वाचलं, "पलीकडचा काठ दिसेना." पुढची ओळ तिने मनातच वाचली.

वाट संपली. फाटक समोर. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि म्हणालो, "तुम्हाला एक सांगायचं होतं."

पुढे काही येईना. माझे ओठ हलत होते, एवढं मला कळत होतं.

मास्तरीण म्हणाली, "मामा, आधी खाली बस."

मी पाटीखालच्या गवतात बसलो. तिने इंजिनला माझ्या मांडीत ठेवलं, ओझं ठेवावं तसं, नीट बघून. मग माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आई बरी होणार नाहीये," ती म्हणाली. "तिने मला केव्हाच सांगितलंय. इंजिनलाही सांगितलंय, पण तो विसरतो, मग आम्ही पुन्हा सांगतो. तुला शेवटी सांगायचं ठरलं होतं. आई म्हणाली, दादाला एकदम सांगू नका, त्याला आधी वेणी येऊ दे."

इंजिन माझ्या शर्टाचं बटण फिरवत होता.

"दुपारी तिच्या नाकाला नळी असेल," ती म्हणाली. "तिला त्याने दुखत नाही. तू घाबरायचं नाही. आमचा हात धर."

मी काय केलं ते लिहीत नाही. बाजूने लोक जात होते. वाचनालयातल्या बाई फाटकाशी आल्या, आम्हाला पाहिलं आणि परत फिरल्या.

तीनला पोहोचलो. हात धरूनच गेलो, दोन्हीकडे एकेक. नळी होती. इंजिन खाटेवर चढून तिच्या कुशीत शिरला आणि पाच मिनिटांत झोपला. मास्तरीण उशीजवळ उभी राहिली. म्हणाली, "आई, मामाला सांगितलं."

"रडला का?" बहिणीने विचारलं. आवाज फार बारीक झाला आहे.

"फार नाही."

"फार नाही म्हणजे किती?"

"बसची एक फेरी गेली," मास्तरीण म्हणाली.

बहीण हसली. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मुलाला पहिल्या दिवशी शाळेच्या दारात सोडल्यावर, ते आत जातं की मागे पळत येतं म्हणून बाया थांबतात, तशा.

"जमेल ना दादा?" ती म्हणाली.

मला हो म्हणता आलं असतं. काल सिस्टरांना म्हटलंच होतं.

"बघू," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि इंजिनच्या पाठीवरचा हात तसाच ठेवून डोळे मिटले.